इतकी जवळ आली कशी?

११ फेब्रुवारी २०१६ रोजी गुरुत्वीय लहरी सापडल्याची घोषणा झाली आणि आठवडा उलटायच्या आत केंद्र सरकारने त्या टिपणाऱ्या ‘लायगो-इंडिया’ वेधशाळेला तत्त्वतः मंजुरी दिली. पुढे जागा पक्की झाली ती हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ. एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटी रुपयांच्या खर्चालाही मान्यता मिळाली. विष्णुपुरीच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात नांदेड, लातूर, परभणीबरोबर हिंगोलीही येते. म्हणजे हे आपल्या घरचे काम. तरी आपल्याकडे बोलणे होते ते जमिनीचे, निधीचे, रोजगाराचे. ज्या प्रश्नांसाठी हा खटाटोप आहे, ते बाजूलाच राहतात. मला त्यांतला सर्वांत ओढ लावणारा प्रश्न कृष्णविवरांच्या जोड्यांचा वाटतो.

१४ सप्टेंबर २०१५ ला अमेरिकेतल्या लायगोच्या दोन यंत्रांनी टिपलेली लहर सुमारे ३६ आणि २९ सूर्यांच्या वस्तुमानाच्या कृष्णविवरांची होती. ती एकमेकांत मिसळली, ६२ सूर्यांचे एक उरले आणि ३ सूर्यांच्या वस्तुमानाएवढी ऊर्जा लहरींतून निघून गेली. पण मुळात ती इतकी जवळ आली कशी? लहरी ऊर्जा नेतात, म्हणून जोडीतले अंतर घटत जाते हे खरे. मात्र प्रत्येकी ३० सूर्यांची कृष्णविवरे पृथ्वी-सूर्य अंतराच्या एक पंचमांशावर वर्तुळात फिरत असली, तरी मिळायला सुमारे ९५० कोटी वर्षे लागतात. अंतर दुप्पट केले तर वेळ सोळापट. विश्वाचे वयच १,३८० कोटी वर्षे! उलट, अशी कृष्णविवरे ज्यांच्यातून घडतात ते तारे उतारवयात बहुधा इतके फुगतात, की एवढ्याशा अंतरात एकसुद्धा मावू नये.

यावर एक उत्तर असे. जुळे तारे दूर जन्मतात, एक फुगला की त्याचा वायू दुसऱ्याकडे वाहतो. कधी दोघे एकाच वायूच्या आवरणात सापडतात, घर्षणाने आत सरकतात आणि आवरण उधळून जाते. दुसरे उत्तर दाट तारकागुच्छांतले. तिथे जड कृष्णविवरे केंद्राकडे बुडतात. जोडीजवळ तिसरे आले की बहुतेक वेळा सर्वांत हलके बाहेर फेकले जाते आणि उरलेली जोडी आवळते.

कोणती जोडी कुठली, हे त्यांच्या स्वतःभोवती फिरण्यावरून ताडता येते. एकत्र वाढलेल्यांचे अक्ष बहुधा कक्षेच्या अक्षाशी जुळलेले असतात. गुच्छात गाठ पडलेल्यांचे कुठल्याही दिशेला कललेले असतात आणि अक्ष कलले की कक्षा डोलते, लहरीची उंची कमी-जास्त होते. वस्तुमानही बोलते. साधारण ५० ते १२० सूर्यांच्या पट्ट्यात ताऱ्यापासून कृष्णविवर बनू नये, असा सिद्धान्त आहे. ज्या ताऱ्यांपासून ती बनली असती, त्यांचा स्फोट मागे काहीच ठेवत नाही. २१ मे २०१९ ला मात्र ८५ आणि ६६ सूर्यांची जोडी दिसली. २३ नोव्हेंबर २०२३ ला त्याहून भारी, सुमारे १०० आणि १४० सूर्यांची, दोन्ही प्रचंड वेगाने फिरणारी. आधीच्या मीलनातून जन्मलेली कृष्णविवरे पुन्हा जोडीत सापडली असावीत, हा अंदाज मला पटतो. अडचण एवढीच, की मीलनाच्या धक्क्याने नवे कृष्णविवर गुच्छाबाहेरच भिरकावले जाऊ शकते.

हे सारे यंत्राच्या नोंदीतल्या गोंगाटातून वेचायचे. अपेक्षित लहरींचे हजारो नमुने आधी गणिताने मांडून नोंदीशी पडताळायचे. ती रीत घडवण्यात पुण्याच्या ‘आयुका’ या खगोलशास्त्र संस्थेतले संजीव धुरंधर आणि बी. एस. सत्यप्रकाश यांचा १९९१ चा शोधनिबंध पायाभूत ठरला. औंढ्याच्या यंत्राने स्रोताची आकाशातली जागा नेमकी होईल. ही मीलने सहसा प्रकाश देत नाहीत, म्हणून त्यांची दीर्घिका ओळखायला या नेमकेपणाचाच आधार.

औंढा, वसमत, कळमनुरीकडे जमिनीतले गूढ आवाज नवे नाहीत. १० जुलै २०२४ चा धक्का तर नांदेडलाही जाणवला. अशा भूमीवर यंत्राच्या ४ किलोमीटरच्या दोन भुजांच्या लांबीतला, प्रोटॉनच्या व्यासाच्या शतांशाहूनही लहान फरक मोजायचा आहे. अमेरिकेतल्या यंत्रांत त्यासाठी ४० किलोचा आरसा ०.४ मिलिमीटर जाडीच्या चार सिलिका तंतूंवर टांगलेला असतो, तोही लंबकाच्या चौथ्या पायरीवर.

विष्णुपुरीच्या विद्यार्थ्याने मात्र या बांधकामाची वाट पाहू नये. लायगोच्या जुन्या नोंदी सर्वांना खुल्या आहेत. २०१५ ची नोंद साध्या संगणकावर उतरवून गाळली, की ३५ वरून २५० हर्ट्झपर्यंत चढत गेलेली ०.२ सेकंदाची ती लहर आलेखात उघड्या डोळ्यांनी दिसते.