यंत्र अभियांत्रिकी पदविका : शिक्षण आणि कार्य

दहावीची परीक्षा उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्यास तंत्रनिकेतनात तीन वर्षांचा यंत्र अभियांत्रिकी पदविका अभ्यासक्रम पूर्ण करता येतो. गोव्यात पणजीच्या आल्तिनो येथील शासकीय तंत्रनिकेतनात ही सोय उपलब्ध आहे. पदवीसाठी प्रवेश न मिळाल्यास पत्करावयाचा हा दुय्यम मार्ग आहे, अशी काही पालकांची समजूत असते. ती यथार्थ नाही. अभियंता आरेखन तयार करतो, कारागीर यंत्र चालवितो आणि या दोहोंमधील दुवा तंत्रज्ञ असतो. हा दुवा कच्चा राहिल्यास आरेखन निर्दोष असूनही तयार माल नापास होतो.

मापाचे महत्त्व

एका साध्या उदाहरणाने हे स्पष्ट होईल. २५ मिलिमीटर व्यासाचा पोलादी दांडा एका छिद्रात मोकळेपणाने फिरावयाचा आहे. आरेखनावर छिद्रासाठी ‘एच ७’ व दांड्यासाठी ‘जी ६’ अशी खूण असते. तिचा अर्थ असा की, छिद्राचा व्यास २५.००० ते २५.०२१ मिलिमीटर आणि दांड्याचा व्यास २४.९८० ते २४.९९३ मिलिमीटर या मर्यादांतच असला पाहिजे. त्यामुळे दोहोंमधील फट कमीत कमी ०.००७ व अधिकात अधिक ०.०४१ मिलिमीटर राहते. छिद्र बेळगावच्या कारखान्यात कोरले आणि दांडा वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत कातला, तरी जोडणीच्या वेळी कानस हाती घ्यावी लागत नाही.

आता समजा, लेथवरून नुकताच उतरविलेला दांडा तीस अंश सेल्सिअसने तापलेला आहे. पोलाद उष्णतेने प्रसरण पावते. या तापमानवाढीने त्याचा व्यास सुमारे ०.००८६ मिलिमीटरने वाढलेला असतो. दांड्याला दिलेली एकूण सूट मात्र केवळ ०.०१३ मिलिमीटर आहे. म्हणजे गरम दांडा मोजला, तर सुटीचा जवळजवळ दोन-तृतीयांश भाग त्या चुकीतच खर्ची पडतो. मोजणीत योग्य ठरलेला दांडा निवल्यावर लहान भरू शकतो आणि तशा मापाने केलेली संपूर्ण खेप परत येऊ शकते. भौतिकशास्त्राच्या वर्गात शिकलेला प्रसरणाचा नियम यंत्रशाळेत असा उपयोगी पडतो. संगणक-नियंत्रित लेथ आल्यानेही ही जबाबदारी संपलेली नाही. यंत्राला माप देणे व आलेले माप पडताळणे ही कामे माणसाकडेच आहेत.

शिकाऊ उमेदवारी

पुस्तकी ज्ञानाला अनुभवाची जोड मिळावी, यासाठी १९६१ चा शिकाऊ उमेदवार अधिनियम आहे. १९७३ च्या दुरुस्तीने पदवी व पदविकाधारकांचाही त्यात समावेश झाला. पदविकेनंतर कारखान्यात विद्यावेतनासह एक वर्षाचे प्रशिक्षण घेता येते. गोवा, महाराष्ट्र, गुजरात व मध्य प्रदेश येथील उमेदवारांसाठी हे काम मुंबईचे शिकाऊ उमेदवारी प्रशिक्षण मंडळ पाहते. बेळगाव व हैदराबाद येथील उमेदवारांसाठी चेन्नईचे मंडळ आहे. पुढे शिकू इच्छिणाऱ्यांना पदवी अभ्यासक्रमाच्या थेट दुसऱ्या वर्षास प्रवेश मिळू शकतो.

एक उदाहरण

लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईस चित्रकला शिकण्यासाठी गेले होते. रंगांधत्वामुळे तो मार्ग खुंटला, तेव्हा त्यांनी यांत्रिक आरेखन आत्मसात केले व व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशिक्षण संस्थेत ते अध्यापन करू लागले. नंतर बेळगावात सायकलींच्या व्यवसायापासून आरंभ करून ते कडबा कापण्याची यंत्रे व लोखंडी नांगर यांच्या निर्मितीकडे वळले. १९१० मध्ये किर्लोस्करवाडीची स्थापना झाली. आरेखन वाचणारी नजर आणि ते लोखंडात उतरविणारा हात यांचा मेळ बसल्यास काय साध्य होते, हे त्यावरून दिसते.

प्रवेश घेऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांनी म्हणूनच गणित व विज्ञान यांचा पाया पक्का करावा आणि कार्यशाळेचे तास परीक्षेपुरते न मानता आपल्या भावी उपजीविकेचे भांडवल मानावेत.