त्वचेच्या कॅन्सरचा इलाज आणि मोबाईलचा कॅमेरा

त्वचेच्या कॅन्सरवर इलाज सुरू झाला की रुग्णाला शहरात वारंवार फेऱ्या घालाव्या लागतात. गाडीभाडे जाते आणि कारागिराचा त्या दिवसाचा रोज बुडतो. म्हणून जखमेचा फोटो मोबाईलने घ्यायचा आणि कृत्रिम बुद्धीच्या संगणकाने तो मागच्या फोटोशी ताडून पाहायचा, अशी स्वस्त साधने निघाली आहेत. ती कितपत कामाची, हे आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांनी समजून घ्यावे.

हा मर्ज आम्हा कापडवाल्यांना परका नाही. वर्धा आणि बिहारमधील डॉक्टरांनी २०२४ साली दोन वयस्क स्त्रियांची हकीकत प्रसिद्ध केली. एकीचा परकर आणि दुसरीचे लुगडे वर्षानुवर्षे कमरेला घट्ट आवळलेले. एकाच जागी घासून जखम झाली, ती भरेना, पुढे तिचाच कॅन्सर झाला. (नाडी सैल बांधा, एवढे गिऱ्हाइकाला सांगायला पैसे पडत नाहीत.)

यंत्र जखमेची कड आखते, आकार व रंग मोजते आणि फरक सांगते. पण ट्यूबलाइटखाली जुळलेली शेड दिवसाच्या उजेडात वेगळी निघते, हे आम्ही रोज पाहतो. फोटोचेही तसेच. दर वेळी तोच उजेड, तेच अंतर आणि शेजारी मापाची पट्टी असेल तरच तुलना खरी.

२०१७ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात १,२९,४५० फोटोंवर शिकवलेले यंत्र कॅन्सर ओळखण्यात २१ त्वचातज्ज्ञांच्या तोडीचे ठरले. मात्र २०२२ साली तेथीलच संशोधकांनी सावळ्या-काळ्या कातडीचे फोटो दाखवले, तेव्हा अशी यंत्रे कमी पडली. तेव्हा साधन विकायला येणाऱ्याला पहिला सवाल हाच करावा : हे शिकवले कोणत्या रंगाच्या कातडीवर?

आणखी एक. फ्लुरोयुरासिलसारखे मलम लावले की कातडी लाल होते, खपली धरते. तो इलाजाचाच भाग आहे, यंत्र त्याला बिघाड समजू शकते. उलट, वरून दुरुस्त दिसणाऱ्या जागेत आत मर्ज शिल्लक असू शकतो. कॅमेऱ्याला कातडीखालचे दिसत नाही, तेथे तुकडा काढून तपासणीच लागते. म्हणून फोटो डॉक्टरांकडे पाठवावा, फैसला त्यांनी करावा. रक्त आले, कड जाड झाली किंवा काखेत-जांघेत गाठ लागली, तर पुढच्या फोटोची वाट न पाहता सरळ दवाखाना गाठावा.