तळें कोणाचें?

शहर वाढूं लागलें कीं पांखरें उडून जावयाचींच, असें आपण सुशिक्षित माणसें गृहीत धरून चालतों. आणि मुलांस पक्षी दाखवावयाचे म्हणून सुटीच्या दिवशीं दहा कोस मोटार हांकतों. ही समजूत किती पोकळ आहे हें बंगळूरच्या एका तळ्यावरून कळतें. म्हणून त्याची हकीकत वाचकांपुढें मांडीत आहों.

बंगळुरास मोठी नदी नाहीं. पूर्वींच्या लोकांनीं उतारावर बांध घालून तळ्यांची माळच गुंफली. वरचें तळें भरलें कीं ओसंडलेलें पाणी खालच्यांत जाई. पुढें दूरवरून नळाचें पाणी आलें आणि या माळेची किंमत उतरली. धर्मांबुधी तळ्यावर आज बसगाड्यांचें मोठें स्थानक आहे; संपंगी तळ्याच्या जागीं कंठीरव क्रीडांगण. सर्जापूर रस्त्यावरील कैकोंड्रहळ्ळीचें सुमारें ४८ एकरांचें तळेंही त्याच वाटेला लागलें होतें. २००८ च्या सुमारास तें बहुतेक आटलें होतें. महानगरपालिकेनें त्याची सुधारणा हातीं घेतली, तेव्हां आसपासचे रहिवासी आराखड्याच्या वेळींच पुढें सरसावले. पर्यावरणाच्या अभ्यासक हरिणी नागेंद्र ह्या त्यांपैकींच एक. २०११ सालीं तळें लोकांस खुलें झालें.

आराखड्याच्या वेळींच, हे शब्द महत्त्वाचे आहेत. तळें सुधारणें म्हणजे तळ सारखा खणून काढावयाचा, कांठ ताठ उभा करावयाचा आणि भोंवतीं दगड बसवावयाचे, अशी पुष्कळ ठिकाणीं रीत पडून गेली आहे. अशा तळ्यांत पाणी भरपूर दिसतें. पक्षी मात्र फारसे दिसत नाहींत. कारण साधें आहे. बगळा किंवा ढोकरी खोल पाण्यांत उभी राहूं शकत नाहीं. त्यांचें अन्न उथळ चिखलांत. पाणकोंबडीला घरट्यासाठीं लव्हाळें लागतें, आणि त्याच लव्हाळ्याच्या मुळांशीं राहणारे सूक्ष्म जंतु पाण्यांतील मळ पचवितात. म्हणजे ज्यास आपण नाक मुरडून 'रान माजलें आहे' म्हणतों, तेंच तळ्याचें स्वयंपाकघर आणि तेंच त्याचें न्हाणीघर! आमच्या अंगणांतही फरशी बसविण्याची हौस थोडी नाहीं, हें येथें कबूल केलेलें बरें.

कैकोंड्रहळ्ळीस पाण्याच्या मध्यें पक्ष्यांकरितां बेटें राखलीं, कांठावर देशी झाडें लाविलीं. आतां तेथें पाणकावळे येतात, झोळीवाले पेलिकन येतात, आणि चोंचीच्या टोकास पिवळा व बुडाशीं तांबडा ठिपका असलेलें तें बदकही येतें, ज्यास आपल्याकडे कोणा रसिकानें 'हळदीकुंकू' असें नांव देऊन ठेविलें आहे. शेजारच्या शाळेंतील मुलांसाठीं उघड्यावर पायऱ्यांचें रंगस्थळ आहे. गणेशविसर्जनासाठीं निराळें कुंड, तेथील भाषेंत 'कल्याणी', बांधलें आहे. त्यामुळें मूर्तींचा रंग व माती मुख्य पाण्यांत जात नाहीं, आणि कोणाच्या भावनेसही धक्का लागत नाहीं.

परंतु आम्हांस सर्वांत मोलाची वाटली ती गोष्ट गवताची. जवळच्या गांवांतील गुरें बाळगणाऱ्यांस येथील गवत कापून नेण्याची मोकळीक ठेविली गेली. सुधारलेल्या तळ्याला प्रथम कुंपण येतें, मग फाटक, मग सकाळ-संध्याकाळ फिरावयास येणारी आम्हांसारखी मंडळी. आणि ज्यांच्या वडिलांनीं त्या तळ्याचा गाळ उपसून शेतांत घातला, ते बाहेर राहतात. लोकांनीं आखलेली योजना असें म्हणतांना त्या लोकांत गुराखी व कोळी धरले आहेत कीं नाहींत, हें अगोदर विचारावें. गवत कापणारा रोज तळ्यावर येतो. गटाराचें पाणी कोठून शिरूं लागलें हें पुष्कळदां त्यालाच प्रथम दिसतें.

तळ्याच्या भोंवतालीं किती जागा मोकळी असावी, हा वाद मात्र रहिवाशांच्या हातचा नव्हता. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानें २०१६ सालीं बंगळूरच्या तळ्यांभोंवतीं ७५ मीटरपर्यंत बांधकामास मनाई केली होती. २०१९ सालीं सर्वोच्च न्यायालयानें ती मर्यादा रद्द ठरविली.