सतरा नंबरची अकरावी पिन

यंत्रमागावर ताण्याचा एक धागा तुटला आणि माग तसाच चालत राहिला, तर कापडात उभी रेघ पडते. चादरीवर ती गिऱ्हाइकाला लगेच दिसते आणि माल दुय्यम ठरतो. म्हणून ताण्याच्या प्रत्येक धाग्यावर एक पातळ पोलादी पट्टी अडकवण्याची जुनी सोय आहे. तिला ड्रॉपर म्हणतात. धागा ताठ असेतो ती वर राहते. धागा तुटला की खाली पडते, विजेचे मंडल पूर्ण होते आणि माग थांबतो.

सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका कारखान्यात आठ मागांच्या ड्रॉपरची वर्दी छोट्या संगणकाला द्यायचे काम माझ्याकडे आले. कोणता माग किती वेळा थांबला, हे मालकाला हवे होते. संगणक होता रास्पबेरी पाय. २०१२ साली आलेला, पत्त्यांच्या कॅटएवढा. त्याच्या कडेला आज ४० पिना असतात. काही विजेच्या, काही जमिनीच्या. उरलेल्या प्रोग्रॅमच्या ताब्यात. अशा पिनेवर ३.३ व्होल्ट असतात किंवा शून्य. मागाच्या मंडलातला दाब त्याहून जास्त, म्हणून मध्ये प्रकाशाने निरोप पोचवणारा ऑप्टोकपलर घालावा लागतो.

पिनांशी बोलण्याची तयार सामग्री म्हणजे लायब्ररी. याला ग्रंथालय म्हणणे मला पटत नाही. ही गावकीची भांडी आहेत: एकाने घडवायची, साऱ्या गावाने वापरायची, आणि पातेल्याला भोक असेल तर प्रत्येकाच्या घरची आमटी गळणार.

पहिले भोक नावातच असते. कडेने मोजत गेल्यास जी अकरावी पिन, तिला आतली चिप १७ म्हणते. वायरिंगपाय ही जुनी लायब्ररी तिलाच शून्य म्हणे. बरे, चिपचे नाव तरी कायम राहावे! पहिल्या आवृत्तीच्या बोर्डावर तेराव्या जागी चिपची २१ नंबरची पिन होती. त्याच वर्षी आलेल्या दुसऱ्या आवृत्तीत त्या जागी २७ आली. जुना प्रोग्रॅम नव्या बोर्डावर चालवणाऱ्याची पिन मुकी झाली.

यावरचा उपाय सोलापूरला नवा नाही. जॅकार्डच्या मागावर आकड्यांचा एकेक संच वर उचलला जातो किंवा खाली राहतो, तेवढेच यंत्राला कळते. पण नक्षीकार आकड्यांचा विचार करत नाही. तो मोर काढतो. मोराचे आलेखावर चौकोन होतात, चौकोनांची पुठ्ठ्यावर भोके होतात, भोकांवरून आकडे हलतात. प्रत्येक माणूस आपल्या पायरीवरच्या भाषेत बोलतो. २०१५ मध्ये बेन नटॉल आणि डेव्ह जोन्स यांच्या जीपीआयओ झीरो या लायब्ररीने हेच केले: पिनेऐवजी दिवा, बटण, मोटर अशी नावे. मी तिच्यावर माझा थर चढवला आणि त्यात नाव ठेवले ‘माग’.

आणि पहिल्याच दिवशी तोंडघशी पडलो. जॉबर म्हणाला, “सर, माग उभा आहे आणि तुमचा संगणक चालू म्हणतोय.” माझ्या जोडणीत मंडल पूर्ण झाले की पिनेवर शून्य येत होते, मी एक धरला होता. चूक सुधारायला एक शब्द पुरला, पण हा उलटेपणा मी प्रोग्रॅममध्ये चार ठिकाणी विखरून ठेवला होता. तो लायब्ररीत एकाच जागी हवा. जोडणी ज्याने केली त्याने तो एकदा सांगावा, पुढच्या कुणाला शून्य-एक दिसूच नये.

दुसरा त्रास हादऱ्यांचा. पडलेली पट्टी थरथरते, मंडल क्षणात अनेकदा जुळते-तुटते, आणि एका तुटलेल्या धाग्याची मोजणी सातवर जाते. म्हणून स्थिती ५० मिलिसेकंद टिकली तरच ती खरी मानायची. मिनिटाला १२० वेळा बाणा टाकणाऱ्या मागावर एका बाण्याला अर्धा सेकंद मिळतो. एवढी उसंत परवडते. वेगवान मागावर हा आकडा बदलेल. त्यामुळे तो लायब्ररीने गुपचूप ठरवू नये, विचारावा, असे माझे मत आहे.

सगळ्यांत अवघड प्रश्न प्रोग्रॅम मेल्यावरचा. प्रत्येक मागावर ‘लक्ष आहे’ असे सांगणारा हिरवा दिवा होता. पण प्रोग्रॅम अचानक बंद पडला तर पिन शेवटच्या स्थितीत राहू शकते, म्हणजे पाहणारा मेला तरी दिवा जळतच राहील. म्हणून दिवा आता लुकलुकतो. लुकलुकायला जिवंत प्रोग्रॅम लागतो. स्थिर दिवा दिसला की जॉबर मला फोन करतो.

२०२३ मध्ये पाय ५ आला. त्यात पिना मुख्य चिपवरून आरपी१ या वेगळ्या चिपवर गेल्या आणि जुन्या चिपचे पत्ते थेट गिरवणारी आरपीआय जीपीआयओ ही लोकप्रिय लायब्ररी त्यावर चालेना. जीपीआयओ झीरोने खालचा थर बदलून घेतला. कारखान्यात नवा बोर्ड बसवला तेव्हा ‘माग’ या शब्दाला हात लावावा लागला नाही.

एक गोष्ट मात्र लायब्ररीत बसली नाही. ड्रॉपरपासून येणारी वायरच उंदराने कुरतडली, तर पिन ‘धागा शाबूत’ असेच सांगत राहते. त्यासाठी पाळी सुरू होताना विणकर एक ड्रॉपर बोटाने खाली पाडतो. ती वर्दी आल्याशिवाय प्रोग्रॅम त्या मागाचा हिरवा दिवा लावत नाही.