शर्ट कुणाचा, अभंग कुणाचा

पहिला किस्सा धोब्याचा. साल साधारण १९४५, ठिकाण पुण्यातलं प्रभात फिल्म कंपनीचं आवार. ‘हम एक हैं’मधून पडद्यावर येऊ घातलेला देव आनंद धुऊन आलेले कपडे घालून स्टुडिओत आला, तर अंगावरचा शर्ट त्याचा नव्हताच. मग आवारात एक सडपातळ तरुण समोरून आला आणि देवसाहेबांना त्याच्या अंगावर आपला शर्ट दिसला. तो तरुण म्हणजे गुरुदत्त पदुकोण. त्याच चित्रपटाची नृत्यं बसवायला आणि पडेल ते सहायकाचं काम करायला कंपनीत ठेवलेला. धोबी एकच, गठ्ठ्यांची अदलाबदल झाली आणि त्यातून दोस्ती जमली. दोघांनी एकमेकांना शब्दही दिला म्हणे : मी निर्माता झालो तर दिग्दर्शन तुझं, तू निर्माता झालास तर नायक मी. १९५१ मध्ये देव आनंदने नवकेतनच्या ‘बाजी’चं दिग्दर्शन गुरुदत्तकडे सोपवलं. गुरुदत्तने १९५६ मध्ये स्वतः निर्माता होऊन ‘सी.आय.डी.’ काढला, त्यात नायक देव आनंद आणि दिग्दर्शक राज खोसला.

हा किस्सा देव आनंदने आयुष्यभर सांगितला आणि दर वेळी त्यात थोडा रंग बदलला. कधी दोघांनी एकमेकांचे शर्ट घातलेले असतात, कधी एकानेच. धोब्याचं नाव मात्र कुणी लिहून ठेवलं नाही. हिंदी सिनेमाचा निदान एक कोपरा त्याच्या विसरभोळेपणावर उभा आहे, पण श्रेयनामावलीत त्याला जागा नाही.

रोजच्या पानावर सिनेमा-नाटकाचा चटपटीत मजकूर भरणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला हा किस्सा फार जवळचा वाटतो. आमच्याकडे दिवसभर जे ‘किस्से’ येतात ते बहुतेक इस्त्री करूनच आलेले असतात. नायिकेने सेटवर सगळ्या युनिटला स्वतःच्या हाताने जेवण वाढलं, नायकाने स्टंट डमीशिवाय केला, दोघांची ‘केमिस्ट्री’ पहिल्याच दिवशी जुळली. नावं बदलली की मागच्या महिन्याचाच मजकूर पुन्हा चालतो. रात्री पान लागायला अर्धा तास उरला असला की आम्हीही तो चालवतो, उगाच सोवळेपणा कशाला. पण खरा किस्सा ओळखायची एक खूण आहे : त्यात कुणाची तरी पंचाईत झालेली असते. प्रभातच्या आवारात अशा पंचाईती ढिगाने सापडतात.

‘संत तुकाराम’ घ्या. १९३६ सालचा हा चित्रपट दिग्दर्शित केला विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल यांनी. कंपनीत सगळे त्यांना दामलेमामा आणि साहेबमामा म्हणत. दामलेमामांचं मूळ खातं ध्वनिमुद्रणाचं, साहेबमामांचं कलादिग्दर्शनाचं. म्हणजे एक माणूस कानाचा आणि एक डोळ्याचा. दोघेही कोल्हापूरला बाबूराव पेंटरांच्या हाताखाली तयार झालेले, आणि तिथे सुतारकामापासून कॅमेऱ्यापर्यंत सगळं सगळ्यांनी करायचं अशीच रीत होती. देहूच्या वाण्याची गोष्ट पडद्यावर आणायला एक ब्राह्मण आणि एक मुसलमान असे दोन मामा बसले, याचं त्या काळी कंपनीत कुणाला फार नवल वाटलेलं दिसत नाही. नवल वाटलं ते नायकाच्या निवडीचं.

तुकोबांच्या भूमिकेसाठी मामांनी विष्णुपंत पागनीसांचं नाव पुढे केलं. पागनीस संगीत रंगभूमीवरचे, आणि त्यांची ख्याती होती स्त्रीभूमिकांची. अनेक वर्षं लुगडं नेसून वावरलेल्या नटाची चाल आणि मान वळवायची लकब इतक्या सहजी पुसली जात नाही. कंपनीतले दिग्दर्शक व्ही. शांताराम, म्हणजे शांतारामबापू, यांनाही ही निवड पटली नव्हती, असं सांगतात. मामा हटले नाहीत. आज चित्रपट पाहताना कळतं की ज्या मऊपणाची धास्ती होती तोच कामाला आला. पागनीसांचा तुकाराम आवाज चढवत नाही, छाती काढून चालत नाही. टाळ हातात घेतो तोसुद्धा लहान मुलाला उचलून घ्यावं तसा. लोक त्यांच्या पाया पडू लागले. पुढे तर घरोघरच्या तसबिरींत तुकोबांचा चेहरा म्हणून जो रुजला त्यात पागनीसांचाच चेहरा डोकावतो. खरे तुकोबा कसे दिसत हे कुणाला ठाऊक? नाटकातली ‘नायिका’ संतांच्या फ्रेममध्ये जाऊन बसली, एवढं खरं.

आणि जिजाई! गौरी नावाची ही बाई प्रभातमध्ये आली ती हलकीसलकी कामं करायला. मग गर्दीतल्या भूमिका, आणि तिथून थेट तुकारामाची बायको. तिला अभिनय कुणी शिकवला नव्हता, आणि देवाच्या दयेने नंतरही कुणी शिकवायच्या फंदात पडलं नाही. मूल आजारी पडतं तेव्हा ही जिजाई तडक देवळात जाऊन पायातली वहाण काढून विठोबावर उगारते, तो प्रसंग आवर्जून पाहा. कॅमेरा समोर आहे हे त्या बाईला माहीतच नसावं असं वाटतं. हात उगारलेला, पदर कमरेला खोचलेला आणि तोंडाचा पट्टा सुरू. नवरा वैकुंठाला निघतो तेव्हाही तिला काळजी घरातल्या म्हशीची. भक्तिपटाच्या नायिकेने म्हशीसाठी वैकुंठ नाकारावं आणि प्रेक्षकांनी तिचीच बाजू घ्यावी, हे त्या दोन मामांनाच सुचू जाणे.

पण या चित्रपटातला माझा सगळ्यात लाडका किस्सा अभंगाचा. कथेत सालोमालो नावाचा एक भोंदू आहे. तो तुकोबांचे अभंग चोरतो, स्वतःची नाममुद्रा घालतो आणि हातवारे करत, ताना मारत गातो. बाकी अभंग गाथेत होतेच, पण एके ठिकाणी प्रसंगाला नेमका बसेल असा अभंग हवा होता आणि तो काही मिळेना. तेव्हा कंपनीचे तरुण गीतकार शांताराम आठवले यांनी बीज, अंकुर आणि झाडाचा दृष्टान्त देणारी एक रचना करून दिली आणि केशवराव भोळ्यांनी तिला चाल लावली. ती इतकी तुकोबांची वाटली की संतवाङ्मयाचे जाणकारही गाथा उघडून शोधत बसले. हा अभंग कुठल्या प्रतीतला, अशी विचारणा झाली. चित्रपटात सालोमालो तुकोबांचा अभंग आपल्या नावावर खपवतो. चित्रपटाबाहेर आठवल्यांचं गीत तुकोबांच्या नावावर खपलं. आजही कुठे कुठे भजनात ते पारंपरिक म्हणून गातात. गीतकाराला याहून मोठी दाद मिळू शकत नाही, आणि मानधनाच्या दृष्टीने याहून मोठा घाटाही नाही. आठवल्यांनी पुढे ‘प्रभातकाल’ हे पुस्तक लिहिलं. कंपनीच्या आतल्या हकिगती हव्या असतील तर ते मिळवून वाचा.

चित्रपट १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात पोहोचला आणि तिथे मानपत्र देऊन त्याचा गौरव झाला. परदेशी महोत्सवात असा मान मिळवणारा पहिला भारतीय चित्रपट म्हणून त्याचं नाव घेतलं जातं. त्या मानपत्राचं पुढे काय झालं हे मात्र प्रशस्तीच्या लेखात सहसा सांगत नाहीत. प्रभात बंद पडली, १९६० मध्ये त्याच आवारात सरकारी फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली आणि कधीतरी साफसफाईत ते मानपत्र गहाळ झालं. ते कचऱ्यात टाकलेलं एका छायालेखकाला सापडलं आणि त्याने ते जपून ठेवलं, अशी हकिगत आहे. कितीतरी वर्षांनी, २००४ मध्ये, ते पुण्यात परत आलं. आपल्याकडे दस्तऐवज जपायची जबाबदारी बऱ्याचदा अशाच कुणा भल्या माणसाच्या पेटीवर असते.

अदलाबदलीची हौस शांतारामबापूंनाही होती, पण त्यांची मुद्दाम केलेली. १९४१चा ‘शेजारी’ ही एका हिंदू आणि एका मुसलमान म्हाताऱ्याच्या दोस्तीची गोष्ट. मराठी चित्रपटात केशवराव दाते हिंदू जिवबा आणि गजानन जागीरदार मुसलमान मिर्झा झाले. हिंदी ‘पडोसी’त जागीरदार मिर्झाच राहिले, आणि हिंदू ठाकूर झाले मझहर खान. पुराव्याला दोन्ही नटांची नावं पडद्यावरच होती. वेगळं भाषण ठोकावं लागलं नाही.

शेवटचा किस्सा मात्र खुसखुशीत म्हणून सांगितला जातो आणि मला तो तसा वाटत नाही. ‘कुंकू’मध्ये (१९३७) शांता आपटेंनी नीरा केली. म्हाताऱ्या विधुराशी फसवून लावलेलं लग्न मान्य करायला ठाम नकार देणारी मुलगी. चित्रपटात पार्श्वसंगीत नाही. आहेत ते घरातले, रस्त्यावरचे खरे आवाज, आणि नवऱ्याच्या वयाचे ठोके मोजत बसलेलं भिंतीवरचं घड्याळ. दातेच त्यात म्हातारे नवरे. नीरा ज्या तोऱ्यात मान वर करून बोलते त्यावर महाराष्ट्र खूश झाला, कंपनीची वाहवा झाली.

दोन वर्षांनी, १९३९ मध्ये, याच शांताबाई कराराच्या भांडणावरून प्रभातच्या फाटकाशी उपोषणाला बसल्या. आत पुढच्या चित्रपटांची कामं चालू, बाहेर कंपनीची सगळ्यात गाजलेली नायिका उपाशी. शहरात अर्थातच चर्चेला ऊत आला. काहींनी ‘बाईंचं नाटक’ म्हणून टवाळी केली, आणि आजही हा प्रसंग नटीच्या लहरीपणाचा नमुना म्हणून खिदळत सांगतात. पडद्यावर नाही म्हणणारी मुलगी सगळ्यांना आवडते, पगाराच्या कागदावर नाही म्हणणारी जरा कमी. शांताबाई प्रभातमधून बाहेर पडल्या आणि १९४० मध्ये त्यांनी एक पुस्तक लिहिलं. त्याचं नाव ‘जाऊ मी सिनेमात?’. धंदा आतून कसा चालतो आणि त्यात नट-नट्यांची काय गत होते, हे सिनेमात यायला निघालेल्या मुलींना त्यांनी त्यात सांगितलं. त्या काळी आतली बातमी छापायला नियतकालिकं टपलेली असत. ही तर खुद्द नायिकेनेच सही करून बाजारात आणली होती.