एकटीनं मुंबईला

लोधिवलीहून मुंबई काही फार लांब नाही. तरी आपल्यापैकी कितीजणी तिथं एकट्या गेल्या आहेत? दवाखाना असो की खरेदी, सोबतीला कुणीतरी हवंच, असं आपण धरूनच चालतो. ‘ह्यां’ना सुट्टी नसली की बेत बारगळतो. पण उद्या माहेरचं माणूस मुंबईत आजारी पडलं, तर सोबतीची वाट बघत बसणार का?

वाट सोपी आहे. एस.टी.नं पनवेल गाठावं. १७ मार्च २०२३ पासून बायकांना निम्मंच तिकीट पडतं. तिथून हार्बर लोकल थेट छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला जाते. बायकांच्या डब्यात बसावं. काही डबे ठरावीक वेळेपुरतेच राखीव असतात, तेव्हा डब्यावरची पाटी वाचावी. पैसे दोन ठिकाणी ठेवावेत. घरचा नंबर कागदावर लिहून घ्यावा. रेल्वेत अडचण आलीच, तर १३९ फिरवावा.

कल्याणच्या आनंदीबाई जोशी १८८३ साली, अठराव्या वर्षी, नवऱ्यावाचून अमेरिकेला डॉक्टरकी शिकायला गेल्या. आपल्याला तर संध्याकाळी घरी यायचंय!

पहिली खेप बिनकामाची असली तरी चालेल. समुद्र बघावा, परतावं. म्हणजे मैत्रिणींनो, नड पडेल त्या दिवशी रस्ता ओळखीचा असेल.