मूल चारचौघांत मिसळायला कसे शिकते?

उधना, लिंबायत, डिंडोलीच्या वस्त्यांत अनेक घरी हे चित्र दिसते. वडील लूमवर बारा तासांच्या पाळीला जातात. आई घरी साड्यांना लेस लावते, टिकल्या चिकटवते. गल्लीत वाहनांची भीती, म्हणून तीन वर्षांचे मूल दाराला कडी लावून खोलीतच ठेवतात आणि त्याच्या हाती मोबाईल देतात. पुढे बालवाडीत घातले की ते कोपऱ्यात बसून राहते, नाही तर दुसऱ्याला चावते. मग ‘घुमा’ किंवा ‘मारकुटा’ हे नाव त्याला चिकटते.

दोष मुलाचा नसतो. चारचौघांत वागणे शिकावे लागते, आणि ते माणसांतच शिकता येते. खानदेशातल्या गावी ओटा, खळे आणि चुलत भावंडे हे काम आपोआप करीत. शहरात ते आई-वडिलांनी ठरवून करावे लागते.

याची वाट आपल्या जवळच दाखवली गेली आहे. ताराबाई मोडक 1923 साली भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या बालमंदिरात दाखल झाल्या. पुढे 1945 मध्ये त्यांनी सुरतच्या दक्षिणेला, उंबरगाव ओलांडले की लागणाऱ्या बोर्डी गावी बालशिक्षणाचे काम सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला होत्या. आदिवासी मुले बालवाडीत येईनात, तेव्हा त्यांनी बालवाडीच पाड्याच्या अंगणात नेली. तीच अंगणवाडी. महागडी साधने नव्हती. पाने, खडे, शिंपले हीच खेळणी. धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन बसणाऱ्या मुलीची शाळा बुडू नये, म्हणून पुढे पाळणाघर, बालवाडी आणि शाळा त्यांनी एकाच ठिकाणी आणली. लहानांनी मोठ्यांचे पाहून शिकावे, मोठ्यांनी लहानांना सांभाळून शिकावे, अशी ती सोय होती.

आता वयाप्रमाणे काय अपेक्षा ठेवावी ते पाहू. वर्षाचे मूल चेहरे वाचते. त्याच्याशी बुवाकुक खेळावे, बोलावे. दोन वर्षांची मुले एकमेकांशेजारी बसतात, पण खेळतात आपापली. ‘माझे’ म्हणून वस्तू ओढणे हा त्या वयाचा धर्म आहे, हावरटपणा नव्हे. तिसऱ्या-चौथ्या वर्षी मदत मिळाली तर पाळी धरता येते. पाचव्या वर्षी लपंडाव, लंगडी असे नियमांचे खेळ जमू लागतात.

घरी पुढील गोष्टी कराव्यात.

1. रोज अर्धा-पाऊण तास शेजारची एक-दोन मुले आपल्या मुलासोबत खेळू द्यावीत. दाराजवळ बसून हातातले काम करीत लक्ष ठेवावे.

2. खेळण्यावरून भांडण झाले तर लगेच न्याय देऊ नये. जवळ बसून सांगावे, “दहा मोजेपर्यंत तू, मग ती.” आणि स्वतः मोजावे.

3. मारणाऱ्या मुलाला मारू नये. त्यातून ते एवढेच शिकते की मोठ्याने लहानाला मारले तर चालते. हात धरून थांबवावे. ज्याला लागले त्याच्यासाठी पाणी आणायला सांगावे. जबरदस्तीच्या माफीपेक्षा हे बरे.

4. पाहुण्यांसमोर ‘आमचा लाजाळूच आहे’ म्हणू नये. कोणाच्या मांडीवर बसण्याची किंवा पापा देण्याची सक्ती करू नये. हात जोडले तरी पुरे. नको तिथे ‘नको’ म्हणता येणे हीदेखील समज आहे.

5. ताटे मांडणे, शेजारी वाटी पोचवणे अशी लहान कामे द्यावीत.

6. घरी अहिराणी किंवा मराठी, गल्लीत गुजराती आणि हिंदी, याची चिंता करू नये. लहान मुले दोन-तीन भाषा सहज उचलतात. घरची भाषा मात्र भरपूर बोलावी.

7. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 साली सांगितले आहे की दोन वर्षांच्या आतील बाळाला पडदा दाखवूच नये, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसात तासापेक्षा जास्त नको. पडदा आपली पाळी येईपर्यंत थांबायला शिकवीत नाही.

अंगणवाडीत तीन ते सहा वर्षांच्या मुलांना विनामूल्य घेतात. ही सरकारी योजना 1975 पासून चालू आहे. पण पहिल्याच दिवशी मुलाला सोडून पळू नये. मिरचीचे रोप वाफ्यातून उपटून आपण भर उन्हात लावत नाही. संध्याकाळी लावतो, पाणी घालतो. तसेच पहिले काही दिवस थोडा वेळ सोबत बसावे, मग तो वेळ कमी करीत जावे. निघताना सांगून निघावे, गुपचूप नव्हे.

काही खुणा मात्र ‘बोलेल हळूहळू’ म्हणून सोडू नयेत. वर्षाचे होऊनही हाकेला वळून पाहत नाही, दीड वर्षाचे होऊनही बोटाने वस्तू दाखवत नाही, दोन वर्षांचे होऊनही दोन शब्द जोडत नाही, किंवा येत असलेले शब्द गमावले, तर मुलाला डॉक्टरांकडे न्यावे. आधी कान तपासून घ्यावेत. महापालिकेच्या स्मीमेर रुग्णालयात मुलांचा विभाग आहे. यात आईची चूक शोधू नये. उशीर तेवढा टाळावा.

वडिलांनीही पाळीवरून आल्यावर पंधरा मिनिटे मोबाईल बाजूला ठेवून मुलासोबत जमिनीवर बसावे. आणि या आठवड्यात ती कडी रोज थोडा वेळ काढावी, शेजारच्या एका मुलाला आत बोलवावे.